डॉल्फिनचं ताट कोणी पळवलं?

आमचं गाव शिनोली. पुण्याहून नाशिक रस्त्याने मंचरला यायचं, तिथून डावीकडे वळून घोडेगाव, आणि घोडेगाव सोडून भीमाशंकरच्या रस्त्याने डिंभे धरणाकडे निघालं की वाटेत लागतं. समुद्राशी आमचा संबंध काय, तर आठवडी बाजारात येणारं सुकट आणि बोंबील. आमच्या घोड नदीचं पाणीसुद्धा भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून पार बंगालच्या उपसागरात जातं. भीमाशंकरच्या कड्याच्या पलीकडे पडलेला पाऊस तेवढा कोकणात उतरतो. तेव्हा अशा गावच्या, आणि पोटापाण्यासाठी दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणाऱ्या माणसाने डॉल्फिनवर लिहिणं म्हणजे जरा आगाऊपणाच आहे.

पण लिहिणार आहे. कारण आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर परवा पुन्हा एकदा तो व्हिडिओ आला. तारकर्लीच्या समुद्रात होडीच्या बाजूला दोन-तीन डॉल्फिन वर येतात, होडीतली मंडळी किंचाळतात, मागे कुठलं तरी इंग्रजी गाणं. खाली पंचवीस बदाम. पाठोपाठ त्याच ट्रिपमधल्या सुरमई थाळीचा फोटो. त्यालाही पंचवीस बदाम. आणि मग एकाने लिहिलं, "हे कोळी लोक जाळी टाकून बिचाऱ्या डॉल्फिनना मारतात, सरकारने कडक कायदा केला पाहिजे."

इथे माझं डोकं सटकलं. कायदा आहे. एक नाही, चांगले पाच-सहा आहेत. आणि डॉल्फिनच्या जिवावर उठलंय ते रापण ओढणारं किंवा लहान होडीतून जाळं टाकणारं कोळ्याचं कुटुंब नव्हे. डॉल्फिनचं काय होणार हे आपण कोणता मासा, किती लहान, कोणत्या जाळ्यातला खातो त्यावर ठरतं, आणि त्या जाळ्यावर लक्ष ठेवायला नेमलेले लोक काय करतात त्यावर ठरतं. बदाम पाठवून त्यात काडीचा फरक पडत नाही.

आधी हा प्राणी कोण ते बघू. आपल्या किनाऱ्यावर होडीतून हमखास दिसतो तो पाठीवर कुबड असलेला, करड्या रंगाचा डॉल्फिन. इंग्रजीत त्याला इंडियन ओशन हंपबॅक डॉल्फिन म्हणतात. हा खोल समुद्रातला नव्हे. साधारण पंचवीस मीटरपेक्षा उथळ पाण्यात, किनाऱ्यापासून काही किलोमीटरच्या पट्ट्यात, खाड्यांच्या तोंडाशी याचा सगळा संसार. जगातल्या धोक्यातल्या प्राण्यांची यादी ठेवणाऱ्या आययूसीएनने २०१७ साली त्याला 'संकटग्रस्त' या वर्गात टाकलं. त्याच्या शेजारी राहतो फिनलेस पॉरपॉइज. पाठीवर पर नाही, लाजाळू, उड्या मारत नाही, म्हणून त्याचे व्हिडिओही निघत नाहीत. किनाऱ्यावर मेलेला सापडतो तेव्हाच बहुतेकांना तो आहे हे कळतं.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे हिशोब. कुबडवाल्या डॉल्फिनच्या मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, आणि दोन पिल्लांत साधारण तीन वर्षांचं अंतर असतं. मादी वयात यायलाच दहाएक वर्षं जातात. बांगड्यासारखी लाखो अंडी घालून मोकळं होण्याचा प्रकार इथे नाही. म्हणजे एखाद्या खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्या लहान कळपातल्या दोन-चार माद्या दरवर्षी जाळ्यात गेल्या, तर तो कळप संपायला कोणी त्याच्यामागे भाला घेऊन लागण्याची गरज नाही. खर्च जमेपेक्षा थोडा जास्त असला आणि तो बरीच वर्षं चालला की खातं रिकामं होतं.

आणि तसंच होतंय. डॉल्फिनची मुद्दाम शिकार आपल्याकडे फारशी कोणी करत नाही. तो मरतो तो दुसऱ्या कोणासाठी तरी टाकलेल्या जाळ्यात. गिलनेट म्हणजे पाण्यात उभी सोडलेली बारीक नायलॉनची भिंत. मासा तिच्यात कल्ल्याने अडकतो, माशामागे आलेला डॉल्फिन शेपटीने नाहीतर चोचीने. तो मासा नाही, त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं. जाळ्याने खाली धरून ठेवला की गुदमरतो. बस्स, एवढंच. कोणाचाही वाईट हेतू नाही.

हे एकूण केवढं आहे? हिंदी महासागरात टूनासाठी सोडल्या जाणाऱ्या गिलनेटचा हिशोब २०२० साली काही शास्त्रज्ञांनी मांडला. १९५० ते २०१८ या काळात मिळून सुमारे ४१ लाख डॉल्फिन आणि त्यांचे लहान भाऊबंद या जाळ्यांत गेले, असा तो अंदाज. आणि आज उरलेत ते १९८० च्या आधीच्या तुलनेत सरासरी १३ टक्के. त्या जाळ्यांच्या देशांत आपलाही नंबर वरचा आहे. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हा हिशोब मुख्यतः बाहेरच्या समुद्रातल्या जातींचा. तारकर्लीचा डॉल्फिन त्यात थेट धरलेला नाही. पण बाहेरच्या अथांग समुद्रात ही गत असेल, तर जिथे होड्या, ट्रॉलर, जाळी आणि पर्यटक सगळे एकाच चिंचोळ्या पट्ट्यात दाटीवाटीने आहेत, तिथे परिस्थिती बरी असेल असं मानायला काय आधार आहे?

चीनच्या यांगत्से नदीत बैजी नावाचा डॉल्फिन होता. २००६ साली शास्त्रज्ञांनी सहा आठवडे नदी पिंजून काढली, एकही सापडला नाही. त्याच्याही संपण्याचं मुख्य कारण शिकार नव्हतं. मासेमारीचे गळ, जाळी, बोटी यांच्यात तो आपला हळूहळू संपला. मेक्सिकोजवळची व्हाकिता आज दहाच्या आसपास उरली आहे, तीही तोतोआबा नावाच्या वेगळ्याच माशासाठी सोडलेल्या गिलनेटमुळे. संपूर्ण जगात दहा! आमच्या टीममध्ये याहून जास्त माणसं आहेत.

आता दुसरी बाजू. माझ्या मते ती जास्त महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल बोललं जातं फार कमी. जाळ्यात न अडकलेला डॉल्फिन खातो काय? तारली, बोय, ढोमा, वाकटी, माकूळ. म्हणजे बघा, आपल्या ताटातलंच. आणि जे आपण खात नाही, ते फिशमीलच्या कारखान्यात जातं.

पर्ससीन जाळं कसं चालतं माहितीये? बटव्यासारखं. माशांचा थवा दिसला की बोट त्याच्याभोवती गोल फिरून जाळ्याची भिंत उभी करते, आणि मग खालची दोरी ओढून बटव्याचं तोंड आवळतात. थवाच्या थवा आत. लहान, मोठा, अंड्यावरचा, सगळा. त्यात एलईडीची भर पडली. रात्री बोटीवरून आणि पाण्याखाली प्रखर दिवे सोडायचे, मासा उजेडाकडे आपणहून येतो, गोळा झाला की जाळं आवळायचं. याला मासेमारी म्हणणं म्हणजे एटीएम उचलून नेणाऱ्याला खातेदार म्हणण्यासारखं आहे. :) ट्रॉलरचा प्रकार वेगळा. तो तळ खरवडत जाळं ओढतो, आणि जाळ्याचा आस बारीक असला तर अंगठ्याएवढी पिल्लंही सुटत नाहीत. या पिल्लांना बाजारात भाव नाही, म्हणून ती किलोच्या मातीमोल दराने फिशमीलला जातात आणि तिथून कोळंबी-कोंबडीच्या खाद्यात. आमच्या तालुक्यात पोल्ट्रीच्या शेड ठिकठिकाणी आहेत. म्हणजे समुद्रापासून एवढ्या लांब, सह्याद्रीच्या अलीकडे बसूनसुद्धा आम्ही या साखळीच्या बाहेर आहोत असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

परिणाम? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या, म्हणजे सीएमएफआरआयच्या आकड्यांनुसार २०१८ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.९५ लाख टन मासळी उतरली. २०१९ साली २.०१ लाख टन. ४५ वर्षांतला नीचांक. त्या वर्षी अरबी समुद्रात चक्रीवादळं लागोपाठ आली, बोटी किनाऱ्याला बांधून राहिल्या, हे खरंच आहे आणि संस्थेनेही ते सांगितलं. केरळात तारली २०१२ ला जवळपास ४ लाख टनांपर्यंत गेली होती, ती २०२१ ला ३,२९७ टनांवर आली. यातही समुद्राच्या तापमानाचा हात आहे. मासेमारी हे एकमेव कारण आहे असा दावा मी करत नाही. पण हा युक्तिवाद कसा वापरला जातो बघा. "हवामान बदललंय हो, आम्ही काय करणार," म्हणून पर्ससीनवाले मोकळे. अरे बाबांनो, वादळाने आणि तापमानाने मासा आधीच कमी झाला असेल, तर उरलेला जपून काढायचा की बटव्यात भरायचा? पगार कपात झाली म्हणून कोणी क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून घेत नाही. (घेतात काही जण. त्यांचं पुढे काय होतं तेही आपण बघतो.)

बरं, डॉल्फिन काही गप्प उपाशी बसत नाही. मोकळ्या पाण्यात मासा मिळेना की तो जाळ्यातला मासा ओढायला लागतो. सिंधुदुर्गात संशोधकांनी मच्छीमारांशी बोलून जे नोंदवलं, त्यात डॉल्फिन जाळी फाडतात, मासा पळवतात ही तक्रार आहे. तक्रार खोटी नाही. लहान होडीवाल्याचं जाळं फाटलं तर त्याचे काही हजार गेले, शिवाय शिवायला जाणारे दिवस. आणि मासा ओढता ओढता डॉल्फिन अडकतो आणि मरतो. म्हणजे ज्यांचा मासा तिसऱ्यानेच आधी नेला, ते दोघं उरलेल्या चार माशांसाठी एकमेकांच्या जिवावर. आणि आपण पुण्यात बसून विचारतो, "डॉल्फिन वाचवायचा की कोळी?"

हा प्रश्नच चुकीचा आहे. मुद्दाम चुकीचा विचारला जातो असंही मला वाटतं, कारण त्यात तिसऱ्याचं नाव येत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर रापणवाले आणि लहान होडीवाले पर्ससीनविरुद्ध वर्षानुवर्षं ओरडत होते. २०१५-१६ च्या सुमारास तो संघर्ष पार टोकाला गेला. त्यांनी डॉल्फिनसाठी आंदोलन केलं नाही, स्वतःच्या पोटासाठी केलं. पण त्यांची मागणी मान्य होऊन पाळली गेली असती, तर डॉल्फिनचं जेवढं भलं झालं असतं तेवढं जगातल्या सगळ्या डॉल्फिन दिनांनी मिळून होणार नाही. शहरातले प्राणिप्रेमी तेव्हा कुठे होते? त्यांना ती कोकणातल्या दोन गटांची भांडणं वाटली.

आता कायद्याचं बघू. अंगाला कुठे खाज सुटलीय ते इथेच कळतं.

डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. हे खातं वन विभागाचं. पण डॉल्फिन जे खातो ते मत्स्यव्यवसाय विभागाच्या फायलीत. प्राणी एका मंत्रालयाचा आणि त्याचं ताट दुसऱ्याचं! वाघाला अनुसूची एकमध्ये टाकायचं आणि जंगलातली सगळी हरणं कंत्राटदाराला लिलावात द्यायची, असं कोणी केलं तर तुम्ही-आम्ही रस्त्यावर येऊ. समुद्रात नेमकं हेच चाललंय आणि कोणाला काही वाटत नाही, कारण पाण्याखालचं दिसत नाही.

बरं, मत्स्यव्यवसायाच्या बाजूला नियम नाहीत असंही नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतचा समुद्र राज्याच्या अखत्यारीत. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्याने आदेश काढला. पर्ससीनला नवीन परवाने नाहीत, असलेले टप्प्याटप्प्याने कमी करत १८२ वर आणायचे, आणि मासेमारी फक्त सप्टेंबर ते डिसेंबर. १० नोव्हेंबर २०१७ ला केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. २०२१ ला राज्याचा कायदा सुधारून दंड लाखांत नेला आणि खटले तहसीलदाराकडून काढून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे दिले. २०२३ ला पापलेट राज्य मासा झाला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला: सुरमई ३७० मिलिमीटर, पापलेट १३५, बांगडा ११०. त्याहून लहान पकडायचा नाही. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोन फिरतायत. शिवाय १ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदी आहेच.

काय सुंदर रिक्वायरमेंट डॉक्युमेंट आहे! असं आमच्या क्लायंटने दिलं असतं तर आम्ही आनंदाने नाचलो असतो. प्रॉब्लेम एवढाच की यातलं बरंचसं प्रॉडक्शनमध्ये चालत नाही. २०१७ पासून बंदी असलेल्या एलईडीविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांना त्यानंतरही वर्षामागून वर्षं मोर्चे आणि निवेदनं काढावी लागली. बंदी खरोखर चालू असती तर त्यांना समुद्र सोडून कलेक्टर कचेरीसमोर बसायची हौस होती का?

आणि "समुद्र मोठा आहे, लक्ष कसं ठेवणार" हे कारण आता मला सांगू नका. समुद्रातले रात्रीचे दिवे टिपणारे उपग्रह आहेत, आणि त्या फोटोंवरून दिव्यांच्या बोटी मोजण्याची पद्धत आहे. आंधळं करणारा प्रकाश टाकून चोरी करणारा चोर अंतराळातून दिसतो आणि बंदरातून दिसत नाही, याला तांत्रिक अडचण म्हणत नाहीत. बोट शेवटी बंदरातच येते. मासा तिथेच उतरतो, तिथेच लिलाव होतो, तिथेच बर्फ, तिथेच डिझेल. समुद्रात पाठलाग करण्याची गरजच काय? बंदरावर पट्टी घेऊन एक माणूस उभा केला तरी ३७० मिलिमीटरचा नियम तपासता येतो. आमच्याकडे कुठलाही डेटा आत घ्यायच्या आधी दारातच तपासतात. आत घेतल्यावर शोधत बसलं तर आयुष्य जातं.

काही चांगलंही घडलंय, ते सांगितलं पाहिजे. डिसेंबर २०१८ पासून राज्यात एक योजना आहे. डॉल्फिन, कासव, देवमासा-बहिरी असा संरक्षित प्राणी जाळ्यात आला, आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडला, तर जाळ्याची भरपाई २५ हजार रुपयांपर्यंत. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ती चालवतात. फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायचा. ही योजना मला फार आवडते, कारण ती कोळ्याला गुन्हेगार न मानता भागीदार मानते. पण ती अडकलेल्या आणि अजून जिवंत असलेल्या डॉल्फिनसाठी आहे. रात्रभर सोडलेल्या जाळ्यात गुदमरलेला सकाळी सोडून काय उपयोग? त्यासाठी जाळंच बदलावं लागतं. शेजारी पाकिस्तानात टूनाच्या गिलनेट पाण्याच्या पृष्ठभागापासून दोनेक मीटर खाली सोडायला सुरुवात केली, तर डॉल्फिन अडकण्याचं प्रमाण खूप खाली आलं. नवीन यंत्र नाही, करोडोंचा प्रकल्प नाही, दोरी थोडी लांब! कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यावर २००२ ला उथळ पाण्यातल्या गिलनेट बंद केल्या, आणि तिथले पॉरपॉइज पुढच्या काळात वाढले. म्हणजे रोग असाध्य नाही.

आणि एक गंमत. आपल्या समुद्रातल्या डॉल्फिनची पद्धतशीर मोजणी अलीकडे कशामुळे नेटाने सुरू झाली असेल? अमेरिकेमुळे. त्यांनी २०१६ साली नियम केला की ज्या देशाची मासेमारी समुद्री सस्तन प्राण्यांना मारते आणि त्यावर त्यांच्या तोडीची उपाययोजना करत नाही, त्याचा मासा ते घेणार नाहीत. मुदत वाढत वाढत १ जानेवारी २०२६ वर आली. मग सीएमएफआरआय आणि भारतीय मत्स्य सर्वेक्षण जहाजं घेऊन मोजायला निघाले. शास्त्रज्ञ मनापासून काम करतात, त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण १९७२ च्या आपल्या स्वतःच्या कायद्याला जे जमलं नाही ते कोळंबीच्या निर्यातीला जमलं. थोडक्यात, गिऱ्हाईकाने डोळे वटारले की दुकान सरळ होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मध्यंतरी गावी गेलो होतो तेव्हा नानांना, म्हणजे आमच्या चुलत्यांना, हे सगळं ऐकवत होतो. नाना म्हणाले, "आरं, समुद्र म्हंजी काय आपलं धरन हाय व्हय, संपाया?"

नानांना वाटलं धरण संपतं आणि समुद्र संपत नाही. पण मला त्यांच्या बोलण्यातून उलटंच सुचलं. आमच्या गावाच्या वर डिंभ्याचं धरण झालं तेव्हा डोंगरातल्या महादेव कोळ्यांची भातशेती पाण्याखाली गेली. (हे कोळी डोंगरातले शेतकरी. मुंबई-वसईच्या सोनकोळ्यांशी त्यांचं साम्य नावापुरतं.) ज्यांनी आयुष्यात मोठं जाळं टाकलं नव्हतं ते लोक जलाशयात मासेमारी शिकले. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या 'शाश्वत' संस्थेच्या मदतीने त्यांनी आपली सहकारी संस्था उभी केली. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेने पिंजऱ्यात मत्स्यबीज वाढवायचं शिकवलं. बीज आधी पिंजऱ्यात मोठं करायचं, मग जलाशयात सोडायचं, आणि मग धरायचं. २०१२ साली 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. आमच्या तालुक्यातल्या किती जणांना हे माहीत आहे देव जाणे.

जलाशय आणि समुद्र एक नव्हेत, कबूल. जलाशयाला काठ असतो, सभासद मोजता येतात, बीज कोणी सोडलं ते माहीत असतं. समुद्रात आज मी लहान मासा सोडला तर उद्या शेजारचा ट्रॉलर तो धरतो. मग मी का सोडू? प्रत्येक बोटीचा हा हिशोब तिच्यापुरता बरोबर आहे, आणि सगळ्या बोटींचे बरोबर हिशोब मिळून समुद्र रिकामा होतो. इथेच सरकार लागतं. सह्याद्रीच्या या बाजूला, सगळं काही गमावलेल्या माणसांना 'आधी वाढू द्या, मग धरा' हे कळतं. पलीकडे कोट्यवधींच्या बोटींचे मालक, त्यांना कर्ज देणारे आणि त्यांना परवाने देणारे यांना ते कळत नाही असं मी मानत नाही. त्यांना ते परवडत नाही, कारण आपल्याला सोळाव्या मजल्यावर रविवारी अकराच्या आत सुरमई घरपोच हवी असते आणि ती केवढी होती हे आपण विचारत नाही.

मासे सोडा असं म्हणणारा मी नाही. सुकटीची चटणी आणि बाजरीची भाकरी कोणी माझ्यापुढून उचलली तर मी माणूस उरणार नाही. पण विचारता तर येतं! सुरमईचे काप करून टाकायच्या आधी अख्खी बघायला मागा. हाताच्या कोपरापासून मिटलेल्या मुठीपर्यंत धरा, त्यापेक्षा तोकडी असेल तर बहुतेक ती नियमात बसत नाही. तळहातात मावणारं पापलेट 'बेबी पापलेट' म्हणून कौतुकाने विकतात. ते बेबीच असतं, तोच तर मुद्दा आहे. जूनमध्ये किनाऱ्यावरच्या हॉटेलात "एकदम ताजी" सुरमई मिळाली तर ती कुठून आली हे विचारायला लाजू नका. आणि डॉल्फिन बघायला जाणार असाल तर होडीवाल्याला आधीच सांगा, पाठलाग करायचा नाही, इंजिन मंद ठेवायचं, दिसले नाहीत तरी पैसे पूर्ण देऊ. तो बिचारा वेगाने मागे लागतो ते आपल्यासाठीच, डॉल्फिन दाखवला नाही तर आपण पैशांवरून वाद घालतो म्हणून. एका कळपामागे सहा होड्या लागलेल्या मी पाहिल्यात. पिल्लू घेऊन पळणारी मादी बघून "सो क्यूट" म्हणणाऱ्या माणसाशी काय बोलणार?

अर्थात दहा-वीस हजार सुशिक्षित मंडळींनी सुरमई मोजून घेतली तरी पर्ससीन थांबणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून दुसरं काम. माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात तो ऑनलाइन टाकता येतो, फी १० रुपये, विषय एक आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. (मला दीडशे शब्दांत लिहिणं किती जड गेलं असेल याची कल्पना तुम्हाला एव्हाना आलीच असेल. :) ) मत्स्यव्यवसाय विभागाला विचारलंय ते असं: आज जिल्ह्यात पर्ससीनचे वैध परवाने किती, १८२ च्या मर्यादेच्या हिशोबात ते कुठे बसतात, जानेवारी २०२५ पासून ड्रोनने किती बोटी नियम मोडताना टिपल्या, त्यातल्या किती जणांवर खटला झाला आणि दंड प्रत्यक्षात किती वसूल झाला, आणि किमान आकाराचा नियम झाल्यापासून कुठल्या बंदरावर किती वेळा पट्टी लावून मासा मोजला गेला.

मी रत्नागिरीचा अर्ज टाकलाय. सिंधुदुर्ग, रायगड, पालघर आणि मुंबई शिल्लक आहेत. पुढच्या लाँग वीकएंडला जिथे जाणार असाल तो जिल्हा घ्या.